लांब पल्ल्याच्या वाटेवर पाणी कुठे भरायचं, तंबू कुठे लावायचा

प्रश्न असा आहे: तीन-चार आठवड्यांची पायी वाट, पाठीवर तंबू, ठरलेले मुक्काम नाहीत. रोज संध्याकाळी पाण्याजवळ सपाट जागा मिळेल हे आधी कसं ओळखायचं, आणि पाणी किती वाहायचं?

‘पाण्याजवळ सपाट जागा’ ही कल्पनाच आधी डोक्यातून काढून टाका. नवख्या माणसाची निम्मी ओढाताण तिच्यामुळे होते. पाणी दुपारी तीनला लागतं, तेव्हा थांबवत नाही. पुढचं पाणी पाच तासांवर असतं, तिथे पोहोचेपर्यंत अंधार पडतो. मग हेडलँपच्या उजेडात ओढ्याकाठच्या ओलसर, कलत्या जागेवर कसाबसा तंबू उभा राहतो आणि रात्रभर झोप लागत नाही. पाणी भरणं आणि मुक्काम करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाणी जिथे आहे तिथे भरायचं, मुक्काम जिथे जागा चांगली आहे तिथे करायचा, आणि मधलं अंतर पाठीवरच्या दोन-तीन लिटरांनी सांधायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

निघण्याआधी: पाण्याचा तक्ता

वाटेवरचा प्रत्येक संभाव्य पाणवठा किलोमीटरच्या क्रमाने एका कागदावर लिहून काढा. प्रत्येकापुढे पाच गोष्टी हव्यात: सुरुवातीपासूनचं अंतर, वाटेपासून किती बाजूला, किती खाली उतरावं लागतं, तो कशा प्रकारचा आहे, आणि शेवटची खबर कोणत्या तारखेची. ‘किती खाली’ हा रकाना लोक हमखास विसरतात. नकाशावर ३०० मीटरवर दिसणारा झरा प्रत्यक्षात दीडशे मीटर खोल घळीत असेल, तर पाणी घेऊन परत वर यायला पाऊण तास सहज जातो.

नकाशावर कंटूर रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) जिथे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात वळतात आणि त्या व्हीचं टोक चढाच्या दिशेला असतं, तिथे घळ किंवा ओढा असतो. टोक उताराकडे असेल तर ती सोंड, म्हणजे डोंगराचा खाली उतरत गेलेला फाटा, तिथे पाण्याची आशा नाही. सलग निळी रेषा म्हणजे बारमाही प्रवाह, तुटक निळी रेषा म्हणजे हंगामी. पण ही वर्गवारी सर्वेक्षणाच्या वेळची असते आणि अनेक नकाशांचं सर्वेक्षण जुनं असतं. म्हणून रेषेपेक्षा तिच्यामागचं पाणलोट क्षेत्र बघा. तुम्ही ओढा ओलांडता त्या बिंदूच्या वर किती मोठा डोंगर त्यात उतरतो? वर चार-पाच चौरस किलोमीटरचं खोरं असेल तर कोरड्या महिन्यातही आशा धरता येते. वाट डोंगरधारेच्या अगदी खालून जात असेल आणि वर फक्त दोनशे मीटरचा उतार असेल, तर निळी रेषा सलग असली तरी उन्हाळ्याच्या शेवटी तिथे दगडच दिसतील.

खडकाचा प्रकारही बघून ठेवा. चुनखडीच्या प्रदेशात पाणी भेगांतून खाली मुरतं आणि पठारावर मैलोन्‌मैल काहीच नसतं. ते बाहेर येतं पायथ्याशी, जिथे खाली न झिरपणारा थर लागतो. बेसाल्टमध्ये लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात झरे फुटतात, त्यामुळे एकाच उंचीवर ओळीने तीन-चार झरे मिळू शकतात. एक सापडला की नकाशावर त्याच उंचीची कंटूर रेषा धरून पुढे बघा.

आता प्रत्येक पाणवठ्याला दर्जा द्या. ‘अ’ म्हणजे खात्रीचा: मोठी नदी, तलाव, चालू नळ असलेली वस्ती. ‘ब’ म्हणजे हंगामी: ताजी खबर असेल तरच मोजायचा. ‘क’ म्हणजे मिळाला तर आनंद, हिशेबात शून्य. कोणीतरी वाटसरूंसाठी भरून ठेवलेले पाण्याचे कॅन नेहमी ‘क’मध्येच जातात. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सांभाळणारी संस्थाही अशा कॅनवर विसंबू नका असंच सांगते. कॅन सकाळी भरलेले असतात आणि दुपारी पुढच्या दहा जणांनी रिकामे केलेले असतात. हंगामाबाहेर पाइप गोठू नयेत म्हणून नळांचं पाणी काढून टाकतात, तेव्हा कॅम्पिंगच्या ठिकाणचा नळ हंगामाच्या तारखा तपासल्याशिवाय ‘अ’मध्ये टाकू नका.

खबर वाचायचीही एक रीत आहे. फारआउटसारख्या अॅपवर प्रत्येक पाणवठ्याखाली आधी गेलेल्यांच्या नोंदी तारखेसकट असतात, आणि पॅसिफिक क्रेस्टसारख्या वाटेला स्वतंत्र पाणी-अहवालही आहे. ‘भरपूर वाहतंय’ या शब्दांना तारखेशिवाय काडीची किंमत नाही. कोरड्या दिवसांत तीन आठवड्यांपूर्वीचं ‘भरपूर’ म्हणजे आज कदाचित बारीक धार, आणि तेव्हाची ‘बारीक धार’ म्हणजे आज बहुधा ओली माती. एकाच झऱ्याच्या लागोपाठ तीन-चार नोंदी वाचा आणि उतरती भाजणी पकडा: १० तारखेला एक लिटर भरायला २० सेकंद, १८ तारखेला ५०, २५ तारखेला दोन मिनिटं. पुढचा आकडा तुम्हीच सांगू शकता. मागच्या वर्षी याच महिन्यात काय होतं तेही बघा. तुम्ही स्वतः नोंद करताना ‘छान पाणी’ असं लिहू नका. एक लिटरची बाटली भरायला किती वेळ लागला ते लिहा. मागून येणाऱ्याला तेवढं एक वाक्य पुरतं.

किती पाणी वाहायचं

सौम्य हवेत चालताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं. कडक उन्हात, चढावर ते एक लिटरपर्यंत जातं. मुक्कामाला संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीचं पिणं आणि सकाळचा चहा-नाश्ता मिळून दोन ते अडीच लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, हे पाठ विसरू देत नाही. म्हणून हिशेब अर्ध्या लिटरपर्यंत नेमका करा, ‘जास्तीचं असू द्यात’ असा नको.

हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर करायचा. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. लांब पल्ल्याची सॅक आणि विश्रांती धरून त्यात पाव भाग वाढवा.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. ११२व्या किलोमीटरवर खात्रीचा ओढा आहे. १३१व्यावर झरा आहे, त्याची शेवटची खबर तीन आठवड्यांपूर्वीची, ‘बारीक धार’. १३९व्यावर खात्रीची नदी. वाट चढउताराची, वेग तासाला ३ किलोमीटर. तुम्ही ओढ्यावर दुपारी साडेतीनला पोहोचलात. तिथेच तासभर थांबून संध्याकाळचं जेवण शिजवून खाऊन घ्या, म्हणजे स्वयंपाकाचं पाणी वाहावं लागणार नाही. साडेचार ते साडेसात तीन तास चाललात की १२१व्यावर मुक्काम. त्यासाठी दीड लिटर. रात्रीला अर्धा, सकाळच्या चहा-नाश्त्याला पाऊण. दुसऱ्या दिवशी झरा चालू असेल तर तिथपर्यंत १० किलोमीटर, सव्वातीन तास, म्हणजे सुमारे पावणेदोन लिटर. एकूण साडेचार. झरा आटला असेल तर नदीपर्यंत १८ किलोमीटर, सहा तास, तीन लिटर, एकूण पावणेसहा.

दोन्हींतला फरक सव्वा लिटरचा. खबर जुनी आहे, झरा आधीच बारीक होता, तेव्हा इथे पावणेसहा अधिक अर्धा लिटर राखीव असं सव्वासहा लिटर भरायचं, यात विचार करण्यासारखं काही नाही. झऱ्यावर पाणी मिळालं तर सव्वा किलो उगाच वाहिलं एवढंच नुकसान. उलट झऱ्यावर विसंबलात आणि तो कोरडा निघाला, तर भर दुपारी पावणेतीन तास एक घोटही नाही. खबर परवाची असती आणि धार चांगली असती, तर मात्र साडेचार अधिक अर्धा एवढंच घेणं बरोबर ठरलं असतं.

निघण्याआधी पाणवठ्यावर बसून अर्धा-पाऊण लिटर सावकाश पिऊन घ्या. त्याहून जास्त घटाघटा ओतलं तर ते लघवीवाटे निघून जातं. दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलात आणि मीठ पोटात गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ‘पाणी कमी पडलं’ असं समजून आणखी पाणी पितो. खारट खाणं किंवा क्षार-साखरेची पुडी सोबत हवीच.

भांड्यांबद्दल एवढंच: सगळं पाणी एकाच मोठ्या पिशवीत ठेवू नका. एक-एक लिटरच्या दोन टणक बाटल्या आणि कोरड्या टप्प्यांसाठी दोन लिटरच्या तीन घडीच्या पिशव्या हा जम उत्तम बसतो. घडीच्या पिशव्या शिवणीवर फुटतात, तेव्हा एक गेली तरी बाकीचं पाणी वाचलं पाहिजे. नळीने ओढून प्यायची पिशवी सोयीची वाटते, पण ती सॅकच्या आत असते, किती उरलं ते दिसत नाही आणि झाकण सैल राहिलं तर स्लीपिंग बॅग भिजते. लांब वाटेवर बाटलीच बरी.

मुक्कामाची जागा: आधी नकाशावर

संध्याकाळी जेवण पाण्यावर उरकून पुढे तास-दोन तास चालायचं आणि कोरड्या जागी झोपायचं, ही पद्धत अंगवळणी पडली की जागांची टंचाई जवळजवळ संपते. पाण्यालगतच्या चार जागांसाठी सगळेच धडपडतात. सोंडेवरच्या, झाडीतल्या जागा मोकळ्याच असतात. शिवाय पाण्याकाठी थंड हवा साचते, डास असतात, तंबूच्या आत घाम धरतो आणि जनावरांची पाण्यावर यायची वाट आपण अडवतो.

१:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर १० मीटरच्या कंटूर असतील तर दोन रेषांमध्ये ८ मिलिमीटर अंतर म्हणजे ५ टक्के उतार. त्याहून अंतर जास्त असेल तिथे तंबूला जागा बहुतेक मिळतेच. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: सोंडेवरचे टप्पे, खिंडीच्या जरा खालचं सपाट, नदीच्या पात्राहून चार-पाच मीटर उंच असलेली जुनी गाळाची धक्क्यासारखी पट्टी, दोन ओढ्यांमधलं रुंद नाक. ऐन खिंडीत मात्र लावू नका. दोन्हीकडचा वारा तिथेच दाटून वाहतो. वाऱ्याच्या आडोशाला तीस-चाळीस मीटर खाली उतरा. एका तंबूला तीन मीटर बाय तीन मीटर लागतं, आणि एवढा तुकडा कोणत्याच नकाशावर दिसत नाही. म्हणून दाट कंटूरच्या टप्प्यातही वाट जिथे सोंड ओलांडताना वळते ते वळण खूण करून ठेवा. उतार दोन्हीकडे पडत असल्याने तिथे सोंडेच्या माथ्यावर एखाद्या तंबूपुरती सपाटी अनेकदा निघते. उपग्रह छायाचित्रात फिकट गोल ठिपका दिसला तर ती बहुधा आधी वापरलेली जागा.

रोज दोन जागा ठरवा: एक हवी ती, दुसरी तिच्या तासभर आधीची. सूर्यास्ताच्या दीड तास आधीपासून वाटेत दिसणारी प्रत्येक बरी जागा किलोमीटरसकट लक्षात ठेवायला लागा. पुढे काही मिळालं नाही तर किती मागे फिरायला तयार आहात हेही आधीच ठरवा. एक किलोमीटर ठीक आहे. हे ठरवलेलं नसलं की माणूस ‘पुढच्या वळणावर असेल’ म्हणत अंधारात शिरतो.

मग जमिनीवर

जागा सापडली की सॅक उतरवा आणि आधी वर बघा. वाळलेलं झाड, अडकलेली तुटकी फांदी, एकीकडे झुकलेलं खोड दिसलं तर झाडाच्या उंचीच्या दीडपट लांब जा. वणवा लागून गेलेल्या रानात हे विशेष पाळा. तिथली उभी झाडं मुळं जळाल्यामुळे वाऱ्याशिवायही कोसळतात, आणि जमिनीखाली जळून गेलेल्या बुंध्याचे पोकळ खड्डे असतात.

मग खाली बघा. जागा सपाट दिसते, पण किंचित खोलगट आहे का? सुकून तडकलेला चिखल, एका रेषेत गोळा झालेला पाला, बारीक वाळूचा पंखा, या पाणी साचल्याच्या किंवा वाहिल्याच्या खुणा आहेत. लोकांनी वर्षानुवर्षं तंबू लावून बशीसारख्या केलेल्या जागा कोरड्या दिवशी फार मोहक दिसतात आणि पावसात तळं होतात. थोडीशी फुगीर, पाल्याची जागा घ्या. कोरड्या पात्रात, कितीही मऊ वाळू असली तरी, झोपू नका. पाऊस दहा किलोमीटर वर पडतो आणि पाणी चांदण्यात येतं. दोन्ही काठच्या झुडपांत अडकलेलं गवत आणि काड्या कुठपर्यंत आहेत ते बघा, ती मागच्या पुराची रेषा. तंबू तिच्या बराच वर हवा.

आता मॅट टाका आणि खरोखर आडवे व्हा. उभ्याने न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो. थोडा उतार असेलच तर डोकं चढाकडे. उतार आडवा असेल तर ती जागा सोडा किंवा तंबू वळवा, कारण आडव्या उतारावर रात्रभर मॅटसकट घसरत भिंतीला चिकटाल. पाठीखालचे खडे आणि झाडाची फळं हाताने बाजूला करा. माती मात्र उकरायची नाही, चर खणायचा नाही.

थंड रात्री उंचीची निवड फार मोलाची असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जड थंड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाला साचते. तळापासून वीस-तीस मीटर वर सरकलात तरी काही अंशांचा फरक पडतो आणि सकाळी तंबू कोरडा निघतो. झाडाच्या छत्राखाली दव कमी पडतं, कारण तंबूचं कापड उघड्या आकाशाखाली जितकं थंड होतं तितकं तिथे होत नाही. वादळाची शक्यता असेल तर डोंगरधारेवर, एकट्या झाडाखाली नको. सारख्या उंचीच्या झाडीत, बुटक्या झाडांजवळ लावा.

खुंट्या वाळूत धरत नाहीत. खुंटीला दोरी मधोमध बांधून ती आडवी पुरा आणि वर दगड ठेवा. खडकावर दोरीचा फास छोट्या दगडाला घाला आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड टेका. ओढ बसली की छोटा दगड मोठ्यावर अडकतो.

पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं दूर राहा. शौचाचा खड्डाही पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून तितकाच लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल. अस्वलांच्या प्रदेशात स्वयंपाक आणि खाण्याचा साठा तंबूपासून शंभर मीटरवर. पाण्यावर जेवून पुढे जाऊन झोपायची पद्धत इथेही उपयोगी पडते, कारण अन्नाचा वास मागे राहतो. खाण्याचा डबा किंवा टांगणं तरीही हवंच.

नियम प्रत्येक वाटेचे वेगळे. अमेरिकेतल्या अॅपलाचियन ट्रेलवर सुमारे ३,५०० किलोमीटरमध्ये अडीचशेहून अधिक निवारे आहेत आणि बहुतेकांजवळ पाणी आहे, तिथे वरचं बरंचसं नियोजन सोपं होतं. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू लावता येतो, पण राहत्या घरापासून १५० मीटर दूर. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असाच हक्क मिळाला. अनेक राष्ट्रीय उद्यानांत मात्र नेमून दिलेल्या जागाच वापरायच्या आणि परवाना काढायचा. असं असेल तिथे आधी मुक्काम ठरतो आणि पाण्याचा तक्ता त्याच्याभोवती बसवावा लागतो.

पाणी हातात घेताना

वाहत्या ओढ्यातून घ्यायचं तर वाट ओलांडते त्या जागेच्या वर चार पावलं जाऊन घ्या. तलावातून घ्यायचं तर ओढा आत येतो त्या तोंडाशी. गुरांच्या हौदावर हौदातलं नको, त्यात येणाऱ्या पाइपच्या तोंडाचं. तरंगता व्हॉल्व्ह दाबून पाणी काढलंत तर तो पुन्हा बरोबर बंद झालाय ना ते बघा, नाहीतर अख्खी टाकी वाहून जाते.

खरी कसरत पाझराची. खडकावरून पाण्याचा पातळ पापुद्रा उतरतो, बाटलीचं तोंड लावलं तर एक थेंब आत जात नाही. एक लांबट, कडक पान घ्या. त्याचं देठाकडचं टोक पाणी जिथे गोळा होतंय त्या खाचेत सरकवा, वर बोटाच्या पेराएवढा खडा ठेवून दाबा, आणि पान मधल्या शिरेवर हलकं दुमडून पन्हाळीसारखं करा. पानाचं टोक खडकापासून दोन बोटं पुढे आलं पाहिजे. आधी गढूळ येईल, मिनिटभर वाहू द्या. मग टोकावरून सलग धार लागते आणि बाटली तिच्याखाली उभी राहते. पान मिळालं नाही तर बाटलीचा कापलेला तुकडा किंवा अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी चालते. फॉइलची पट्टी दुरुस्तीच्या पिशवीत कायम ठेवावी, वजन काहीच नाही. डबकं दोन बोटं खोल असेल तर बाटली बुडवू नका, गाळ उठतो. झिपच्या पिशवीचा कोपरा कडेला आडवा टेकवून वरचं पाणी आत सरकू द्या.

बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांना दिवसाची लय असते. दुपार-संध्याकाळी ते फुगतात, पहाटे सगळ्यांत कमी. मोठा ओढा ओलांडायचा असेल तर अलीकडे मुक्काम करून सकाळी ओलांडा. छोट्या धारा मात्र रात्री गोठून बंदच पडतात, म्हणून सकाळचं पाणी संध्याकाळीच भरून ठेवा. बर्फ वितळवावा लागला तर भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घाला. नुसता बर्फ थेट तापवला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. ताजा भुसभुशीत बर्फ दहा लिटर घातला तर जेमतेम एक लिटर पाणी निघतं, इंधन त्या मानाने मोजा.

शुद्धीकरणाला ०.१ मायक्रॉनचा पोकळ तंतूंचा फिल्टर बहुतेक दुर्गम वाटांवर पुरतो. तो बॅक्टेरिया आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे परजीवी अडवतो. विषाणू त्यातून निसटतात. वर माणसांची वस्ती असेल तर क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या जोडीला हव्यात. त्या विषाणू आणि बॅक्टेरियांवर साधारण अर्ध्या तासात चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमला ४ तास लागतात. उकळणं सगळ्यांत खात्रीचं: खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. गढूळ पाणी आधी निवळू द्या आणि रुमालातून गाळून मगच फिल्टरला द्या, नाहीतर एका दिवसात त्याची धार मरते.

फिल्टरचं सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे गोठणं. आत अडकलेलं पाणी गोठताना फुगतं आणि तंतू चिरतात. चीर डोळ्यांना दिसत नाही, पाणी उलट जास्त सहज येतं, आणि आठवड्याभराने पोट बिघडतं. शून्याच्या आसपासच्या रात्री फिल्टर झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. एकदा ओला फिल्टर गोठला अशी शंका आली तर तो टाकून द्या. दुसरी चूक साधी आहे: घाण पाण्याच्या बाटलीच्या आट्यांवरून एक थेंब ओघळून स्वच्छ बाटलीत पडतो. घाणीच्या बाटलीला रंगीत चिकटपट्टी लावा आणि ती कधीही दुसऱ्या कामाला वापरू नका.

काही पाणी कशानेच सुधारत नाही. रंग ओतल्यासारखी हिरवी-निळी साय धरलेल्या पाण्यातलं विष उकळूनही जात नाही. जुन्या खाणींखालचे नारिंगी डाग पडलेले ओढे आणि शेतांतून वाहून आलेलं पाणी सोडून द्या. तक्त्यात अशी ठिकाणं सरळ खोडून टाका.

झरा कोरडा निघाला तर

आधी सावलीत बसा आणि बाटल्यांत किती आहे ते मोजा. मग सॅक तिथेच ठेवून, खूण करून, पात्राने वर आणि खाली दीडशे-दोनशे मीटर बघून या. पाणी बऱ्याचदा वाळूखालून वाहत असतं आणि जिथे सलग खडक पात्राला आडवा येतो तिथे वर येतं. वळणाच्या बाहेरच्या काठाला, कड्याच्या पायथ्याशी, हिरव्या दाट गवताखाली ओली वाळू लागली तर हात-दीड हात उकरा आणि पंधरा मिनिटं थांबा. खड्ड्यात पाणी जमलं तर पहिलं गढूळ उपसून टाका, दुसरं घ्या. जमलं नाही तर उकरत बसू नका, घामाने जाईल ते परत मिळणार नाही.

मग पुढे की मागे हे तासांवर ठरवा. ‘अ’ दर्जाचं पाणी ज्या बाजूला कमी तासांवर, ती बाजू. पुढचं ‘ब’ दर्जाचं पाणी जवळ आहे म्हणून तिकडे जाणं ही सगळ्यांत धोक्याची चूक आहे, कारण ज्या उन्हाने हा झरा आटवला त्यानेच तोही आटवला असण्याची शक्यता मोठी. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर उत्तर कॅलिफोर्नियातला हॅट क्रीक रिम हा जवळपास ४५ किलोमीटरचा कोरडा टप्पा लोक संध्याकाळी निघून, रात्री थोडं चालून, पहाटे पुन्हा उठून पार करतात. तुमच्यावर तशी वेळ आली तर तेच करा: उन्हाचे चार-पाच तास सावलीत काढा, ऊन कललं की निघा. उरलेलं पाणी घोट-घोट करून साठवत बसू नका; तहान लागेल तसं प्या आणि बचत घामात करा. वेग कमी ठेवा, अंग झाका, तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्या. लघवी गडद आणि थोडी होत असेल, उभं राहताना गरगरत असेल आणि खात्रीचं पाणी तीन तासांहून लांब असेल, तर चालणं थांबवून सॅटेलाइट संदेशयंत्रावरून मदत मागवायची वेळ झाली आहे. ती बाटली पूर्ण रिकामी होण्याआधी, भान शाबूत असताना मागवा.